१८ मार्कांची परीक्षा आणि चुकीचे तीन पर्याय



मागच्या महिन्यात पलीकडच्या दिघीहून एक ताई फेरीबोटीने आल्या. मी दुकानात पाइप मोजून देत होतो. त्या काउंटरपाशी थांबल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, विमा एजंटच्या परीक्षेत किती आले की पास?"

मी म्हटलं, "पन्नासपैकी अठरा."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग मला अठराचीच तयारी करून द्या. बाकीचं मी बघते."

ह्यात हसण्यासारखं काही नाही. ताईंचं शिक्षण दहावी. घरचं, बचतगटाचं, सुकटीचं सगळं बघून रात्री जो अर्धा तास उरतो तोच त्यांचा अभ्यासाचा. कमीत कमी कष्टात पास कसं व्हायचं हा प्रश्न त्यांनी नाही विचारायचा तर कुणी? आपल्या व्हिडिओत मी दहा मिनिटांत युक्त्या सांगून मोकळा झालो होतो. पण त्या दिवशी मला जाणवलं की अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली इथे लिहितोय. पर्यायवाल्या परीक्षेच्या युक्त्या मी सांगणारच आहे, त्या वापरण्यात गैर काही नाही. पण त्या युक्त्यांवर माझं स्वतःचं एक मत आहे आणि त्या मताची किंमत मी रोख मोजलेली आहे.

आधी गणित मांडू

विमा एजंट व्हायचं तर आयसी-३८ ही परीक्षा. ५० प्रश्न, ५० मार्क, वेळ ६० मिनिटं. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. पासाला ३५ टक्के, म्हणजे १८ मार्क. चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत. मराठीतूनही देता येते. पॅटर्न अधूनमधून बदलतो, म्हणून फॉर्म भरताना एकदा खात्री करून घ्या.

आता डोळे मिटून पन्नासच्या पन्नास उत्तरं ठोकली तर काय होईल? चारातलं एक बरोबर धरलं तर सरासरी बारा-तेरा मार्क पडतात. असे शंभर जण बसवले तर नशिबाने पाच-सहा जण पास होतील. म्हणजे नुसत्या तुक्क्यावर भरवसा नाही.

पण दुसरा हिशोब बघा. एखाद्याला फक्त १० प्रश्न पक्के येतात आणि उरलेले ४० तो डोळे मिटून ठोकतो. ह्या चाळीसांतून त्याला आठ मिळाले की झालं, आणि सरासरीने दहा मिळतात. असे शंभर जण बसवले तर त्यातले ऐंशीच्या वर पास होतात. मी हा हिशोब कॉम्प्युटरवर दोनदा करून बघितला, ८२ येतात.

परत वाचा. पन्नासातले दहा प्रश्न येणारा माणूस बहुतेक वेळा पास होतो. त्याला परवाना मिळतो आणि तो तुमच्या-आमच्या घरी येऊन "काका, सही इथे करा" म्हणतो.

परीक्षेचे मार्क वाढवा असं मी म्हणणार नाही. दार उघडं असावं. गावातल्या बाईला, कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराला त्या दारातून आत येता यायला हवं. माझं म्हणणं एवढंच की उंबरठा खाली आहे म्हणून घरात वाकून बघूच नये असं नाही. १८ हा पास व्हायचा आकडा आहे, तयारीचा नाही. तयारी ४० ची करा. आणि ४० ची तयारी करायला चारपट वेळ लागतो हा गैरसमज आहे, तो कसा ते पुढे सांगतो.

माझ्या दुकानाचा प्रश्न

३ जून २०२०. आपल्या किनाऱ्यावर ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. निसर्ग चक्रीवादळ दुपारी अंगावर आलं आणि मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आगरदांड्यात माझ्या दुकानाचे पत्रे उडाले, आणि वरून जो पाऊस आला तो थेट मालावर. सिमेंटच्या गोणी दगड झाल्या. वायरची बंडलं, मोटारी, रंगाचे डबे, सगळं भिजलं.

मी काळजीत होतो, पण घाबरलो नव्हतो. दुकानाची पॉलिसी होती ना! बीबीए केलेला माणूस मी, विम्याशिवाय दुकान चालवतो होय?

दुकानात माल होता साधारण ६ लाखांचा. विमा होता ३ लाखांचा. नुकसान धरलं गेलं २ लाखांचं. मला वाटलं, विमा तीनचा आहे, नुकसान दोनचं आहे, म्हणजे दोन मिळणार. हातात पडले ते एक लाखाच्याही आत.

भांडायला गेलो तेव्हा कळलं की कुणी फसवलेलं नव्हतं. नियमच तसा होता. माल सहाचा आणि विमा तीनचा, म्हणजे निम्म्या मालाची जोखीम मी स्वतःच्या डोक्यावर ठेवली होती. म्हणून नुकसानही निम्मंच भरून मिळणार, वर ठरलेली वजावट. ह्याला अ‍ॅव्हरेजची अट म्हणतात.

पॉलिसी काढताना एजंटने विचारलं होतं, "किती लिहू?" मी म्हटलं, "तीन लिहा, हप्ता कमी बसेल." त्याने लिहिले. "शेठ, माल कितीचा आहे?" हे त्याने विचारलं नाही. परवाना होता, परीक्षा पास होता, माणूसही वाईट नव्हता. त्याला तो प्रश्न सुचलाच नाही. चूक माझीही होतीच. पण ते विचारणं त्याचं काम होतं.

पुढच्या वर्षी मी हट्टाने ती परीक्षा दिली. अभ्यासाला बसलो आणि माझं दुकान मला प्रश्नाच्या रूपात सापडलं. असा:

दुकानातल्या मालाची किंमत ६ लाख रुपये. विमा ३ लाखांचा. वादळात २ लाखांचं नुकसान. अ‍ॅव्हरेजची अट लागू आहे, वजावट नाही. कंपनी किती देईल?

अ) ३ लाख
ब) २ लाख
क) १ लाख
ड) काहीच नाही

उत्तर क. पण मी त्या दिवशी उत्तरापेक्षा बाकीच्या तीन पर्यायांकडे जास्त वेळ बघत बसलो. अ कोण निवडेल? ज्याला वाटतं की विम्याची रक्कम म्हणजे लॉटरी, काही झालं की पूर्ण मिळते. नुकसानीपेक्षा जास्त मिळत नाही हे तत्त्वच त्याला माहीत नाही. ब कोण निवडेल? ज्याला भरपाई कळली पण अ‍ॅव्हरेज कळलं नाही. म्हणजे २०२० चा मी. ड कोण? ज्याला कमी विमा म्हणजे गुन्हा वाटतो.

बघा, चुकीचा पर्याय हवेतून येत नाही. पेपर काढणारा माणूस नेमक्या कुठल्या गैरसमजाने कोण कुठे घसरेल हे ओळखून ते पर्याय बेततो. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरा गैरसमज असतो, आणि त्या प्रत्येक गैरसमजामागे कुठल्यातरी गावात पैसे बुडालेला एक माणूस असतो.

जाता जाता दुकानदारांसाठी: १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची ठरावीक पॉलिसी आली आहे. एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती लागू होते. त्यात विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर तेवढं माफ आहे. पण माझ्यासारखा निम्माच विमा उतरवला असेल तर कात्री लागणारच. आपली पॉलिसी काढून बघा.

पहिली आणि मोठी युक्ती: चुकीच्या पर्यायांचा अभ्यास

साधी वही घ्या. रोज दहा प्रश्न सोडवा, जास्त नको. प्रत्येक प्रश्नाखाली बरोबर उत्तर लिहा आणि उरलेल्या तीन पर्यायांपुढे एकेक ओळ लिहा: हा का चुकला? आणि जमलं तर आणखी एक गोष्ट लिहा: हा पर्याय दुसऱ्या कुठल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे?

उदाहरण देतो, आपल्या बंदरातलंच.

सागरी विम्यात विमा हित कधी असावं लागतं?

अ) फक्त पॉलिसी घेताना
ब) नुकसान होतं त्या वेळी
क) पॉलिसी घेताना आणि नुकसानीच्या वेळी, दोन्ही वेळा
ड) कधीच लागत नाही

विमा हित म्हणजे इन्शुरेबल इंटरेस्ट. ती वस्तू किंवा तो माणूस गेला तर तुमचं आर्थिक नुकसान व्हायला हवं, तरच विमा काढता येतो. सागरी विम्याचं उत्तर ब. का? माल बोटीवर असतानाच विकला जातो, मालक बदलतो. निघताना मालक मुंबईचा, पोचताना दुसऱ्याच कुणाचा. म्हणून नुकसानीच्या क्षणी ज्याचं हित, त्याचा दावा. १९६३ च्या सागरी विमा कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता अ बघा. तो चुकला, पण आयुर्विम्यासाठी तोच बरोबर आहे. पॉलिसी घेताना हित असलं की पुरे. आणि क? आगीच्या विम्यासाठी तो बरोबर. म्हणजे एका प्रश्नात तीन प्रश्नांचा अभ्यास झाला. ४० च्या तयारीला चारपट वेळ लागत नाही असं मी म्हणालो ते ह्यामुळे. दहा प्रश्न नीट सोडवले की तीस प्रश्नांचं काम होतं. शंभर प्रश्नांची पीडीएफ उत्तरासकट पाठ करणाऱ्याला पेपरात प्रश्न थोडा फिरवून आला की घाम फुटतो. चुकीचे पर्याय ओळखणाऱ्याला प्रश्न कसाही फिरवा, तो दोन पर्याय तरी नक्की उडवतो.

आणि दोन उडवले की गणित बदलतं. चारातून ठोकलं तर शंभरातली पंचवीस बरोबर. दोनातून ठोकलं तर पन्नास. तुक्का मारायचाच असेल तर आधी त्याची किंमत दुप्पट करून घ्या.

प्रश्न वाचायच्या तीन सवयी

पहिली. "नाही" शोधा. "खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?" असा प्रश्न आला की घाईत आपण "नाही" गिळून टाकतो. पहिलाच पर्याय बरोबर विधान असतं, दिसलं की टिचकी मारून मोकळे. कच्च्या कागदावर प्रश्नाचा नंबर टाकून मोठा "नाही" लिहा आणि मग पर्याय वाचा. तो कागद दिला नसेल तर हळू आवाजात नाही, मनातल्या मनात वाचा, शेजारचा वैतागेल.

दुसरी. "नेहमी", "कधीच", "फक्त", "सर्व" असे टोकाचे शब्द दिसले की पर्याय चुकीचा, असं सगळीकडे शिकवतात. बऱ्याचदा ते खरंही ठरतं. पण कायद्याच्या प्रश्नात जपून. विमा कायद्याच्या कलम ४१ खाली एजंटला आपल्या कमिशनमधला वाटा ग्राहकाला द्यायची बंदी आहे. दंड १० लाख रुपयांपर्यंत. तिथे "कधीच देता येत नाही" हाच पर्याय बरोबर असतो. माझ्याकडे राजपुरीचा एक मुलगा सरावाला यायचा. त्याने "जुन्या ओळखीच्या ग्राहकाला देता येतो" हा पर्याय निवडला. मी विचारलं, "का रे?" म्हणाला, "सर, सगळे देतातच की. पहिला हप्ता अर्धा एजंटच भरतो." त्याने डोळ्यांनी बघितलेलं उत्तर दिलं होतं. परीक्षेत गावात काय चालतं ते विचारत नाहीत, नियम काय आहे ते विचारतात. आणि खरं सांगायचं तर कमिशन परत देणारा एजंट पॉलिसी नीट समजावून सांगायला थांबत नाही. त्याचा नफा गेलेला असतो, तो पुढच्या घरी पळतो.

तिसरी. "वरीलपैकी सर्व" हा पर्याय. तीनपैकी दोन विधानं नक्की बरोबर वाटली तर बहुतेक "सर्व" निवडायला हरकत नाही. एक जरी नक्की चूक वाटलं तर "सर्व" लगेच उडवा. तिसऱ्या विधानाचा अर्थ कळला नाही म्हणून अडून बसू नका.

आणि "सगळ्यात लांब पर्याय बरोबर", "काही सुचलं नाही की क" ह्या गोष्टी विसरा. कॉम्प्युटरवर प्रश्न उलटेपालटे होऊन येतात, तिथे क ला कसलाही मान नाही.

शब्द दोन्ही भाषांत पाठ करा

मराठीतून परीक्षा देणाऱ्यांची खरी अडचण विषयाची नसते, भाषांतराची असते. आपण आयुष्यभर नॉमिनी म्हणतो आणि पेपरात येतं नामनिर्देशन. असाइनमेंटला येतं अभिहस्तांकन. ताई तो शब्द बघून म्हणाल्या, "हे काय औषधाचं नाव आहे का?" वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करा. एकात छापील शब्द, दुसऱ्यात आपण दुकानात-घरात बोलतो तो. वीस-पंचवीस शब्दांच्या वर यादी जात नाही.

पण नुसता शब्द नको, फरकही लिहा. नामनिर्देशन म्हणजे माझ्या माघारी पैसे कुणाच्या हातात द्यायचे ते. अभिहस्तांकन म्हणजे पॉलिसीचा हक्कच दुसऱ्याच्या नावावर करणं, जसं कर्ज घेताना बँकेला करतात. पेपरात हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी बसवतात.

जुनी पीडीएफ म्हणजे शिळं मासळं

व्हॉट्सअ‍ॅपवर "हमखास येणारे ५०० प्रश्न" अशी पीडीएफ फिरते. माझ्याकडेही चार आहेत. त्यातल्या दोन उघडल्या तर उत्तरंच कालबाह्य.

पॉलिसी पसंत नसेल तर परत करायची मुदत, म्हणजे फ्री लुक. साध्या पद्धतीने घेतलेल्या पॉलिसीला पूर्वी १५ दिवस होते. २०२४ च्या नियमांपासून ३० दिवस आहेत. जुन्या पीडीएफमध्ये १५ वर खूण आहे. आयुर्विमा पॉलिसीवर कंपनीने शंका घ्यायची मुदत, कलम ४५. पूर्वी दोन वर्षं, २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन. आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा पूर्वी जास्तीत जास्त ४८ महिने, आता ३६.

पेपरात दोन्ही आकडे पर्याय म्हणून येतात, कारण जुनं वाचणारा कुठे घसरणार ते पेपर काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. पीडीएफवर साल बघा. साल नसेल तर डिलीट. अभ्यासाचं चालू पुस्तक कंपनी किंवा ट्रेनिंग देणारे देतात, तेच वापरा. परीक्षेनंतरही हे लागणार आहे. ग्राहकाला "पंधरा दिवस झाले, आता परत होत नाही" असं चुकीचं सांगितलंत तर त्या घरचे पैसे विनाकारण अडकतील.

इतिहासाच्या तारखांचं म्हणाल तर त्यांची माळ ओवा. भारत सरकारने आयुर्विमा ताब्यात घेतला १९ जानेवारी १९५६ ला. जाहीर करणारे अर्थमंत्री कोण? चिंतामणराव देशमुख, जन्म आपल्याच जिल्ह्यातला, महाडजवळच्या नाते गावचा. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला आणि १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली. २४५ विमा संस्था एकत्र करून. आता ही तारीख विसरून दाखवा! जनरल विम्याचं राष्ट्रीयीकरण त्यानंतर, १ जानेवारी १९७३ पासून, १०७ कंपन्या. आपल्या माणसाच्या खुंटीला बांधलं की आकडा सुटून जात नाही.

परीक्षेच्या खोलीत

६० मिनिटं आणि ५० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. पण सगळ्या प्रश्नांना सारखा वेळ द्यायचा नाही. तीन फेऱ्या करा.

पहिल्या फेरीत जे येतं तेवढंच. वाचलं, कळलं, टिचकी मारली, पुढे. अडलं की नंतर बघायची खूण करा आणि सोडा. पंचवीस मिनिटांत शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचा. बऱ्याचदा सत्ताविसाव्या प्रश्नात आठव्या प्रश्नाचं उत्तर लपलेलं असतं.

दुसऱ्या फेरीत खूण केलेले प्रश्न. इथे पर्याय उडवायचे. गणितं इथेच करा. वीस-पंचवीस मिनिटं द्या.

शेवटची दहा मिनिटं हातात ठेवा. एकही प्रश्न कोरा नाही ना, ते बघा. मार्क कापत नसतील तिथे कोरा प्रश्न सोडणं म्हणजे गल्ल्यातली नोट रस्त्यावर टाकणं.

उत्तर बदलावं की नाही? "पहिलं मनात आलेलं तेच खरं" असं सगळे सांगतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या दीड हजारांवर विद्यार्थ्यांचे पेपर तपासून २००५ साली एक अभ्यास छापला गेला. खोडून बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीची होती ती बरोबर झाली, आणि २५ टक्के बरोबर होती ती चुकली. म्हणजे बदलणारे फायद्यात राहिले. पण बरोबर असलेलं उत्तर बदलून चुकलं की ते जन्मभर लक्षात राहतं, म्हणून आपला समज उलटा झाला. माझा नियम सोपा आहे: कारण सापडलं असेल तर बदला, नुसती भीती वाटत असेल तर हात लावू नका.

दुसऱ्या परीक्षा देणाऱ्यांसाठी

म्युच्युअल फंड वितरकाची एनआयएसएमची पाच-अ मालिका: १०० प्रश्न, २ तास, पासाला ५० टक्के, मार्क कापत नाहीत. जीएसटी प्रॅक्टिशनरची परीक्षा: १०० प्रश्न, २०० मार्क, अडीच तास, पासाला १०० मार्क, तिथेही कापत नाहीत. वरची सगळी पद्धत जशीच्या तशी चालेल, फक्त दहा प्रश्न पाठ करून पार पडायची सोय तिथे नाही.

एनआयएसएमच्या इक्विटी डेरिव्हेटिव्हच्या परीक्षेत मात्र चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो आणि पासाला ६० लागतात. तिथे डोळे मिटून ठोकलं तर फायदा जवळपास शून्य. एक पर्याय नक्की उडवता आला तर ठोका, दोन उडवता आले तर बिनधास्त ठोका. एकही उडवता येत नसेल तर त्या प्रश्नात वेळ घालवू नका.

"पास तर होऊ द्या, धंदा नंतर शिकू"

असं म्हणणारे मला रोज भेटतात. त्यांचं सगळंच खोटं नाही. एजंटचं खरं शिक्षण लोकांच्या ओट्यावर बसूनच होतं, पुस्तकात नाही. मी हार्डवेअरचा धंदा बीबीएच्या वर्गात शिकलो का? नाही.

पण मी चुकीचा नळ विकला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन तो बदलून नेतो. विम्यात चुकीचा पर्याय विकला गेला तर तो वादळ आल्यावर कळतो, आणि तेव्हा बदलून देता येत नाही. शिकाऊ एजंटच्या चुकीचे पैसे ग्राहक भरतो, तेही त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी. म्हणून निदान जे पुस्तकात आहे ते तरी आधी शिकून जा. तेवढं आपल्या हातात आहे.

दिघीच्या त्या ताईंना मी अठराची तयारी करून दिली नाही. वही दिली, रोज दहा प्रश्न सांगितले, तीन चुकीच्या पर्यायांपुढे कारणं लिहायला लावली. पहिले चार दिवस त्या वैतागल्या. "दादा, उत्तर माहीत असताना चुकीचं कशाला लिहायचं?" मी म्हटलं, "लिहा तर खरं."

परवा वही घेऊन आल्या. पंधरा दिवसांची पानं भरलेली. परीक्षा अजून व्हायची आहे, किती मार्क पडतील ते आज सांगता येणार नाही. पण वही पुढे करून म्हणाल्या, "दादा, अ‍ॅव्हरेजचा प्रश्न सोडवला आणि रात्री ट्रंक उघडली. आमच्या होडीचा विमा कितीचा आहे ते मी काल पहिल्यांदा बघितलं. होडीच्या किमतीच्या निम्मापण नाही."

मी विचारलं, "मग?"

"मग काय, ह्यांना म्हटलं, पाऊस लागायच्या आधी वाढवून घ्या."

मंडळी, तुम्हीही आज वही करा. रोज दहा प्रश्न, तीन कारणं. आणि परीक्षा द्यायची नसेल तरी घरातली पॉलिसी एकदा ट्रंकेतून बाहेर काढा. पुढच्या व्हिडिओत दुकानाच्या मालाची किंमत विम्यासाठी कशी काढायची ते माझ्याच स्टॉक रजिस्टरवर करून दाखवतो. भेटू.